मोहनरावांचं माळकरी कासव

निमगाव केतकीच्या मोहनरावांनी तुळशीची माळ देवासाठी घातली, असं खुद्द त्यांच्याखेरीज गावात कुणी म्हणत नव्हतं. महादेवाच्या देवळाचे एक पंच वारले, जागा रिकामी झाली आणि नेमक्या त्याच महिन्यात मोहनरावांना मटण-मासळीचा वीट आला. पंच माळकरीच हवा, हा देवळाचा जुना शिरस्ता. उभ्या आयुष्यात ज्यांनी माशाचं डोकं दुसऱ्याच्या ताटात जाऊ दिलं नाही, ते मोहनराव आता शेजारणीनं सुकट भाजली तरी नाकाला उपरणं लावायला लागले.

एकट्याच्या माळेनं भागेना, म्हणून त्यांनी कासवालाही माळकरी केलं. पानमळ्यातल्या पानांच्या करंड्या घेऊन ते भिगवणच्या स्टेशनावर गेले होते. तिथल्या खानावळवाल्या भीमानं धरणात टाकलेल्या जाळ्यात मासळीबरोबर एक कासव आलेलं. "महादेवाच्या दारात दगडाचं असतंय, माज्या दारात जित्तं आलंय," असं म्हणून मोहनरावांनी ते उचललं. बारामतीहून काचेची पेटी आणली, ओसरीवर मांडली, कासवाच्या पाठीवर अष्टगंध ओढला आणि सकाळी दूधभात, संध्याकाळी शिरा, सोमवारी साबुदाण्याची खिचडी असा नैवेद्य सुरू केला. त्यांची बायको प्रयागबाई त्याला गेणू म्हणायची. मोहनरावांना तो देवाचा अपमान वाटायचा.

देव महिनाभर कसाबसा शिऱ्यावर निभला. मग त्याचे डोळे सुजून मिटले, पाठ बोटानं दाबली तर दबायला लागली आणि पेटीच्या कोपऱ्यात मान आत ओढून कासव पडून राहायला लागलं. प्रयागबाईचा जीव तुटला. लेकी नांदायला गेल्यापासून त्या घरात तिच्या हाकेला मान वर करणारं तेवढं एकच होतं. तिनं हट्टच धरला आणि दोघं कासवाला पाटीत घालून बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरकडं गेली.

डॉक्टरनं कासव उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "खायला काय घालता?"

मोहनरावांनी नैवेद्य सांगितला. सांगताना आवाजात अभिमान होता.

"मारताय त्याला," डॉक्टर म्हणाला. "दूध-साखर आजच बंद. एक दिवस बारकी मासळी काट्यासकट द्या, एक दिवस गांडुळं, गोगलगाय. मधनंमधनं पाण्यातली वनस्पती, कोवळा पाला, भोपळ्याची फोड. रोज तेच ते नको. आणि पेटी उन्हात ठेवत जा."

परतीच्या एसटीत निम्मी वाट सरल्यावर मोहनराव म्हणाले, "भोपळ्याचं तेवढं खरं बोलला बघ."

झालं. नैवेद्यात भोपळा वाढला, मासळी काही आली नाही. प्रयागबाईनं एकदा पाटाच्या कडेची दोन गांडुळं पदरातून आणून टाकली, तर मोहनरावांनी घर डोक्यावर घेतलं आणि पेटी गोमूत्रानं धुवायला लावली.

"अवो, मरंल ते!"

"मरू दे, पन बाटायचं न्हाय. गाव काय म्हनंल?"

प्रयागबाई मोरीवर जाऊन रडली.

श्रावणातल्या एका सोमवारी पंचमंडळी मोहनरावांकडं उपास सोडायला येणार होती. माणूस पारखायचा आणि मग नाव पक्कं करायचं, असा बेत. सकाळी मोहनराव पानं घेऊन भिगवणला गेले. खानावळीत श्रावणामुळं काळं कुत्रं नव्हतं. मोहनराव मागच्या दारानं आत शिरले आणि पडद्याआड नेहमीच्या जागी बसले.

"मोहनराव, आज सोमवार हाय," भीमा म्हणाला.

"म्हनूनच तर म्हनतो, लवकर आन. दुपारची एसटी गाठायचीय."

चिलापी माशाचे चार तुकडे खाल्ले, रस्सा बोटांनी निपटून घेतला. मग राखेनं हात घासले, वर लिंबू चोळलं, वर पान खाल्लं. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, पण हात बिचारे तेच होते.

संध्याकाळी ओसरीवर पंच बसले. पुढारी सोनबातात्या कासवाकडं बघत म्हणाले, "काय मोहनराव, देवबी उपास करतोय म्हनं?"

"तात्या, संगतीचा गुन. माज्या हातचाच घास घेतो, दुसऱ्याचा न्हाय," मोहनराव म्हणाले आणि पेढ्याचा तुकडा चिमटीत धरून हात पेटीत घातला.

कासवाचे डोळे मिटलेलेच होते, पण नाक शाबूत होतं. कोपऱ्यातून हळूच मान बाहेर आली, लांबली, पेढा बाजूला पडला आणि कासवानं मोहनरावांचं बोट कचकन धरलं.

मोहनराव बोंबलत उठले. बोटाला कासव लोंबकळत होतं. पंच धावले. सोनबातात्यांनी कासव धरून जबडा उचकटायचा प्रयत्न केला, त्यासाठी तोंड जवळ नेलं आणि थबकले. एकदा हुंगलं. परत हुंगलं.

"मोहनराव, ह्यो वास कशाचा?"

"पाण्याचा. पेटीतलं पानी शिळं हाय!"

प्रयागबाई आतून घमेलं घेऊन आली. तिनं नवऱ्याचा हात कासवासकट पाण्यात बुडवला. कासवानं बोट सोडलं, तसं तिनं ते बोट नाकाशी नेलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. संताप तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"पानी मी सकाळीच बदललंय," ती म्हणाली. "आन ते तुमास्नी चावलं न्हाय. माशाला चावलंय."

पंचांनी उपास आपापल्या घरी सोडला. जागा दुसऱ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई स्वतः भिगवणला गेली आणि बारकी मासळी घेऊन आली. पेटी अंगणात उन्हाला ठेवली. मासळी, गांडूळ, पाला, भोपळा, सगळं आलटून पालटून सुरू झालं. दिवाळीपर्यंत गेणूचे डोळे उघडले, पाठ घट्ट झाली. मोहनरावांनी एकदा हळूच विचारलं, "दोन मासं जास्त आनलंस तर?"

"तुमच्या गळ्यात माळ हाय की," ती म्हणाली.

माळ काढावी तर गाव हसणार, म्हणून ती काढताही येत नव्हती. मोहनराव पेटीशेजारी बसून दोडक्याची भाजी खायचे आणि गेणू त्यांच्यादेखत माशाचं डोकं फोडायचा.