तापातला पुरावा

कॉलेजच्या सहलीबरोबर पॅरिसला गेले तेव्हा माझ्या अंगात सणसणून ताप होता. "मी हॉटेलातच झोपते," म्हटलं, तर आमचे सर म्हणाले, "अगं, झोपायला घर आहे की!"

प्रेक्षणीय स्थळ म्हणे! त्या प्रसिद्ध मनोऱ्याखाली आमचा अख्खा वर्ग त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होता. मान वर करायला कुणाला सवड नव्हती. बाकावर आडवी पडले होते म्हणून तो शेंड्यापर्यंत नीट पाहिला, तो मीच. बाकीच्यांना इथे आल्याचा पुरावा तेवढा हवा होता.

शेवटी मलाही ओढत नेऊन त्या पुराव्यात उभं केलं. आई अजून तो फोटो पाहुण्यांना दाखवते.

"गाल कसे लाल झालेत बघा! तिकडची हवा मानवली हो हिला."