मुंगी चावल्यासारखं

माझी आत्या नर्स. निवृत्त झाल्यापासून घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. तीस वर्षं रक्त बघितलेली बाई, पण कुत्रं दिसलं की तिची पाचावर धारण बसते. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांकडे होता साहेब नावाचा कुत्रा, काळा, दांडगा, त्यांच्या पलंगाला चिकटून बसणारा.

मास्तरांच्या पायाची जखम चिघळली होती. रोज नीट साफ झाली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. साहेबाला कोंडलं तर तो दार ओरबाडायचा आणि त्या आवाजाने मास्तर पाय झटकायचे. त्यामुळे तो समोरच. आत्या तीन दिवस वरवर पट्टी गुंडाळून पळून आली होती.

चौथ्या दिवशी ती सकाळपासून येरझारा घालत होती. बॅग तीनदा उघडली, चहा निवून गेला.

"नको जाऊस मग," मी वैतागले.

"आणि कापलेला अंगठा तू परत शिवणार?" ती खेकसली आणि मलाच सोबत घेऊन गेली. साहेबाने आधी मला चावावं, हाच हेतू असणार.

आत जाताच आत्याने पेशंटकडे बघते तसं साहेबाच्या डोळ्यांत बघितलं आणि हसली. तो ताठला. शेपूट उभं, सावकाश हलत होतं.

"बघ, शेपूट हलवतोय," मी म्हणाले.

"ते लाडाचं हलवणं नाही," मास्तर म्हणाले. "बाई, डोळ्यांत बघू नका. हसू तर मुळीच नका, दात दिसतात त्याला. तीन दिवस सांगतोय, तुम्ही थांबता कुठे?"

आत्या तोंड फिरवून जमिनीवर बसली. साहेबाने तिची बाही हुंगली, मागे सरला, नाक चाटलं, मोठी जांभई दिली.

"झोप आली त्याला," मी म्हणाले.

"भ्यालाय गं," आत्या हळूच म्हणाली. "इंजेक्शनच्या रांगेत माणसं अशीच जांभया देतात. मी आले की मास्तर ओरडतात, हे कळलंय त्याला."

तिने चिमटा उचलला. "काही नाही हं, मुंगी चावल्यासारखं..." मास्तर किंचाळले. साहेब गुरगुरत उठला. आत्याने चिमटा खाली घेतला, पण ती पळाली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "आता दुखणार आहे. खूप. तीन म्हटल्यावर हात लावते."

मास्तरांनी चादर मुठीत धरली. आवाज नाही. साहेबाचे कान सैल पडले, तो कुशीवर आडवा झाला. जखम तळापर्यंत साफ झाली.

"एवढे दवाखाने केले," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "दुखेल असं आधी सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या."

जिन्यात आत्या मटकन पायरीवर बसली. मला वाटलं, भीती उतरतेय.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "किती जणांना मुंगी सांगितली गं मी."