जनान्याच्या बाकावरून दिलेले मत

दुपारचा खेळ सुरू व्हायला अवकाश होता. आपल्या टॉकीजमध्ये बायकांसाठी राखलेल्या जनान्यात, मागच्या बाकावर मी अंग चोरून बसले होते. शेजारच्या बाईंनी पदरातल्या भाजलेल्या शेंगा माझ्यापुढे केल्या.

"नवीन दिसता. शाळेतल्या बाई का?"

मी मान हलवली.

"मंग टरफलं खाली टाकू नका. हुसेनबी लई ओरडती."

हुसेनबी जनान्याच्या दारावर बसत. दिवे मालवले की आमच्यासमोरचा जाड कापडी पडदा त्या बाजूला सारत आणि मध्यंतरात दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घेत. आणि शेंगा देणाऱ्या बाई म्हणजे केसरबाई, साऱ्या जालन्याच्या काकीजी. त्यांच्या साठीनिमित्त आपण हा ग्रंथ काढतो आहोत.

संस्थान भारतात विलीन झाले, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. चारचौघांत डोळ्यांतून पाणी काढू नये, असे सिस्टरांनी बजावलेले. त्या दुपारी पडद्यावरची आई मुलाला गाडीत बसवून एकटी घरी परतली, तेव्हा मी रुमाल तोंडात कोंबला. काकीजी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बाई, तोंड कशाला झाकता? अंधार हाय, सगळ्या आपल्याच हायेत. रडायला याच्याहून चांगली जागा जालन्यात न्हाई." इतक्या वर्षांत मला कोणी याहून उपयोगाचे काही शिकवले असेल, असे आठवत नाही.

कोणी विचारील, सिनेमा पाहणाऱ्या बाईंचा गौरव कशासाठी? काकीजींचे घर किराणा व्यापाऱ्याचे. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून इकडे आले. शाळा त्यांनी पाहिली नाही. पण एखादी गोष्ट नीट पाहावी, ती आपल्याला कशी वाटली हे स्वतःशी ठरवावे आणि मग ते न घाबरता बोलावे, हे काम त्यांनी जन्मभर केले. आमच्या शाळेत आम्ही याला शिक्षण म्हणतो.

चित्रपटांची छापील नावे जनान्यात कधीच चालली नाहीत. काकीजी पाहून आल्या की नवे नाव ठेवत आणि तेच गावभर होई. नायिका सुखातही झोक्यावर आणि दुःखातही झोक्यावर, तो 'झोक्याचा'. त्यावर त्यांचे मत असे: "झोका चांगला, बाई वाईट. झोक्यावर बसून नवरा मिळता, तर जालन्यात एक झाड मोकळं राह्यलं नसतं." पौराणिक चित्रपटात देव आकाशातून उतरताना तार दिसली, तेव्हा त्यांनी आधी भक्तिभावाने हात जोडले आणि मग म्हणाल्या, "नमस्कार देवाला केला, तार बांधणाऱ्याला न्हाई." मारामारीच्या एका चित्रपटाबद्दल त्या इतकेच बोलल्या, "घोड्याचं काम बराबर." पडद्यापलीकडचे पुरुष मध्यंतरात गप्प का बसतात, हे मला पुष्कळ दिवसांनी उमगले. ते काकीजींचे बोलणे ऐकत असत.

मात्र 'आंधळ्या सासूचा' पाहून त्या घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दाराशी टांग्यातून उतरताना म्हणाल्या, "तांदूळ निवडताना तिचा हात पाह्यला का? खडा लागला की बोट थांबत होतं. ह्या बाईनं घरी तांदूळ निवडलेत." मी त्या चित्रपटातल्या संवादांची तारीफ करणार होते. मला ते हात दिसलेच नव्हते.

मला विषमज्वर झाला, तेव्हा काकीजी रोज दुपारी येऊन उशाशी बसत आणि मी न पाहिलेला चित्रपट सांगत. गाणी म्हणत नसत, "इथं एक गाणं हाय, लांबलंय" एवढे सांगून पुढे जात. मध्येच थांबून म्हणत, "आता इंटरवल. पेज घ्या." पेज संपल्याखेरीज नायक तुरुंगातून सुटत नसे.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा लेख हट्टाने मागून घेतला, तो सांगते.

एका पावसाळ्यात ओळीने तीन-चार चित्रपट काकीजींनी "वाईट" ठरवले आणि बायका येईनाशा झाल्या. टॉकीजचे मॅनेजर जब्बारमियाँ काकीजींच्या ओट्यावर येऊन बसले. मी तिथेच होते.

"काकीजी, तुमारे एक लफ्ज से मेरा जनाना खाली हो गया ना! मालक बोल रै, दीवार तोड डालो, मर्दों की कुर्सियाँ लगा देव."

"मंग मी काय करू?"

"नया खेल आ रा. दो अच्छे लफ्ज बोल देव. तुमारे लिए पास हमेशा का."

"फुकट बसले तर मला सगळेच सिनेमे चांगले दिसतील, मियाँ. तुमचा पास न्हाई पायजे, आन् खोटं बी न्हाई बोलणार."

जब्बारमियाँ उठून गेले. जनाना बंद होणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. भोकरदन-अंबडकडच्या कितीतरी बायकांना बाजाराच्या दिवशी घराबाहेर बसायला ती एकच जागा होती. सासरच्यांची परवानगी मिळे, ती मध्ये भिंत आणि पुढे पडदा होता म्हणून. मी म्हटले, "काकीजी, तुमच्या शब्दाला केवढे वजन आहे, पाहिलेत ना?"

त्यांना ते मुळीच आवडले नाही. "वजन? माझ्या एका शब्दानं हॉल रिकामा होत असंल, तर त्या बायकांचे डोळे काय कामाचे?"

नवा चित्रपट त्यांनी पहिल्या दिवशी पाहिला. त्यातली सून सारा छळ मुकाट्याने सोसते, शेवटी मरते, आणि मग घरादाराला पश्चात्ताप होतो. काकीजींनी त्याला 'गप बाईचा' म्हटले आणि घरोघर निरोप धाडला: "सिनेमा वाईट हाय. पण माझं ऐकू नका. बाजाराच्या दिवशी येऊन बघा आन् माझ्याशी भांडा."

त्या दुपारी जनान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काकीजींशी भांडायची संधी कोण सोडणार? मध्यंतरात हुसेनबींनी पडदा ओढला आणि एकच गलका उडाला. शेवट आधीच पाहून आलेल्या काकीजींनी ठणकावून सांगितले, "कुणी मेल्यावर शहाणे होणारे लोक काय कामाचे? वाईट म्हणजे वाईट."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मला आवडला."

हसनाबादची सुभद्रा. सासूबरोबर कायम येणारी. पण तिचा आवाज आम्ही कोणी ऐकला नव्हता.

सासूने वळून पाहिले. "घरी तोंडातून शब्द निघत न्हाई, इथं कसं फुटलं तोंड?"

"घरी कुणी इचारलं का तिला?" काकीजी म्हणाल्या. "बोल गं. काय आवडलं?"

सुभद्रा खाली मान घालून म्हणाली, "ती गप बसती ना, तवा मला सगळं ऐकू येतंय. ती काय म्हणून राह्यली ते."

सासूने पदर सारखा केला आणि थोड्या वेळाने आपल्या पुढ्यातल्या शेंगा सुनेकडे सरकवल्या.

काकीजी दुसऱ्या दिवशी तोच चित्रपट पुन्हा पाहून आल्या. "सिनेमा वाईटच हाय," त्यांनी मला सांगितले, "पण सुभद्रेचं बी बराबर हाय. त्या गप बाईचं काम करणारीला आधी मी पाह्यलंच न्हाई, गोष्टीवरच चिडून राह्यले." त्या दिवसापासून मध्यंतरात काकीजी सर्वांत शेवटी बोलू लागल्या. आधी एकेकीला विचारत, "तू सांग." बायका आधी लाजल्या, मग तुटून पडल्या. भिंत पाडण्याची भाषा मालकांनी पुन्हा काढली नाही. जब्बारमियाँ मात्र अजून तक्रार करतात, की मध्यंतर वेळेवर संपत नाही.

काकीजींना पुष्कळ आयुष्य लाभो. गुडघे दुखतात, ते बरे होवोत, म्हणजे जनान्याचा जिना चढायचा त्रास वाचेल. नजर आहे तशी तीक्ष्ण राहो. आणि चांगले चित्रपट निघोत. निदान भांडण्याजोगे तरी निघोत.

साठीच्या समारंभाच्या व्यवस्थेबद्दल ग्रंथ काढणाऱ्या आपल्या मंडळाने मला विचारले आहे. काकीजींशी बोलून ठरले, ते इथेच लिहिते. शाल त्या एकदा खांद्यावर घेतील. नंतर ती हुसेनबींना द्यावी, दारात वारा फार लागतो. मिठाई जब्बारमियाँकडे पाठवावी, आणि सोबत या ग्रंथाची एक प्रत, हे पान न फाडता. हसनाबादला दोन प्रती जाव्यात, एक सुभद्राबाईंच्या नावाने व एक त्यांच्या सासूबाईंच्या नावाने. दोघींत एक नको. बाकीच्या प्रती शहागड, अंबड, भोकरदनकडून गाडीबैलाने येणाऱ्या बायकांना द्याव्यात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आमच्या शाळेतल्या मुली वाचून दाखवतील. वाचून झाल्यावर मुलींनी आधी त्यांना विचारावे, कसे वाटले; आणि त्या बोलून होईपर्यंत आपले मत सांगू नये.