दिवा लावून सांग

नातवंडं मला हसतात. घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मी आधी उठून दिवा लावते, भर दुपारीसुद्धा. समोरच्याचं तोंड माझ्याकडे आहे ना, हे बघते आणि मगच बोलते. म्हातारीची खोड म्हणून ती सोडून देतात. खोड म्हणा, पण ती मला नववी झाली त्या वर्षी लागली आणि फार महागात पडून लागली.

आम्ही सोलापूरचे, गिरणीच्या चाळीत राहणारे. माझे वडील, म्हणजे आप्पा, विणकाम खात्यात मागावर होते. तिथे इतके माग एकदम धडधडायचे की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला कळू नये. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलत. आवाज न काढता शब्द नुसता तोंडाने करायचा, जोडीला हाताची खूण, की चार माग पलीकडच्याला कळायचं. ही सवय माणसं घरीही घेऊन येत. आमच्याकडे निम्मं बोलणं असंच चाले. "पाहुणे कधी जाणार?" हे आई पाहुण्यांच्या पाठीमागे उभी राहून आप्पांना खुशाल विचारायची. सगळ्यांच्याच घरी असं बोलतात, असं मला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं.

शाळेत मला विज्ञानाचा तास सोडून काही आवडत नसे. आमच्या विज्ञानाच्या बाई कडक होत्या, पण शिकवताना रंगून जायच्या. एकदा त्यांनी काचेच्या मोठ्या हंडीत विजेची घंटा टांगली आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायला लागल्या. घंटा बारीक होत होत जवळजवळ गप्प झाली. तिची हातोडी मात्र आत तशीच हलत होती. "दिसतंय ना? पण ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "आवाजाला जायला हवा लागते. उजेडाला काहीच लागत नाही." दुसऱ्या तासाला त्यांनी सांगितलं की आवाज ही ऊर्जा आहे आणि ऊर्जा कधी नाहीशी होत नाही, रूप बदलते. बोललेला शब्द शेवटी भिंतीत मुरतो आणि त्याची उष्णता होते. मी त्या दिवशी घरी येऊन भिंतीला हात लावून बघितला होता. विज्ञानाची बाई व्हायचं, हे माझं तेव्हाच ठरलं.

नववीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात मंगळवेढ्याहून आत्या आली. "पोरीला आनी किती शिकवतोस?" ती आप्पांना म्हणाली. "होटगीला सोयरीक हाय. पोरगा रेल्वेत हाय, घरची जवारी हाय." आप्पा फक्त "बघू की" म्हणाले. आत्या गेल्यावर आईने मला बाजूला घेतलं. "त्ये म्हणत्यात, पोरीनं तोंडानं सांगितलं तर शिकवतो. तूच बोल त्यांच्याशी."

बोल म्हणे! आप्पा मारणारे नव्हते की ओरडणारेही नव्हते, पण लग्नाचा विषय त्यांच्या तोंडावर काढायचा म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. दुष्काळानंतरची ती वर्षं. संध्याकाळी वीज जायची आणि अख्खी चाळ काळोखात बुडायची. आप्पा तेव्हा दाराशी पायरीवर एकटेच बसत, अगदी गप्प. दिवे गेले की यांचा जीव घुसमटतो, असं आई म्हणायची. मला वाटलं, हेच बरं. अंधारात ना त्यांना माझं तोंड दिसेल, ना मला त्यांचं.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे बसून म्हटलं, "आप्पा, मला शाळा सोडायची नाही." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी मी सगळंच सांगितलं. बाईंचं, घंटेचं, मला बाई व्हायचंय त्याचं. तिसऱ्या संध्याकाळी मी रडत सांगितलं. आप्पा खाकरले, उठले आणि पाणी प्यायला आत गेले.

"बोललीस?" आईने विचारलं.

"बोलले."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

आईचा चेहरा उतरला. "मग झालं. न्हाय त्यांच्या मनात." आमच्या घरात आप्पांना दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे.

जूनमध्ये शाळा भरली आणि मी आईबरोबर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसले. आप्पांचा मला इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघायचंच सोडलं. शब्द देऊन फिरवणारा माणूस, असं मनातल्या मनात म्हणत होते. बाईंच्या हिशोबाने माझ्या तीन संध्याकाळच्या बोलण्याची भिंतीत थोडीशी उष्णता झाली असणार. सोलापूरच्या मे महिन्यात भिंतींना तिची काय कमतरता होती!

दिवाळीच्या आधी होटगीची माणसं आली आणि सुपारी फुटली. सुपारी फुटली की आमच्याकडे शब्द गेला, मग माघार नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी, संध्याकाळी वीज गेली. मी चाचपडत कंदील काढायला गेले आणि फळीवरची पितळी कळशी खाली आली, आप्पांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. शेजारची बाई "काय पडलं गं?" म्हणत धावत आली. मी कंदील लावून बघितलं तर आप्पा पायरीवर तसेच बसलेले. त्यांनी मानही वळवली नव्हती.

मला ती काचेची हंडी आठवली. आणि मग एकेक आठवायला लागलं. भोंगा वाजला की कामावर निघणारे आप्पा हल्ली समोरच्या खोलीतला माणूस निघाला की निघत. मी पाठीमागून हाक मारली तर कधी ओ देत नसत.

शेजारीण गेल्यावर मी कंदील घेऊन त्यांच्या समोर बसले आणि नुसत्या ओठांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

आजूबाजूला कुणी नाही ना, हे त्यांनी बघितलं. "कुणाला बोलू नकोस," म्हणाले. "खात्यात कळलं तर मागावरनं काढतील, हातात झाडू देतील. उजेड असला की माझं भागतं बघ."

"आईला?"

"तिला बी न्हाय ठावं."

"मे महिन्यात मी तुमच्याशी बोलले होते. इथंच. तीन दिवस."

"कवा?" ते म्हणाले. "मी तर वाट बघत व्हतो तुजी. म्हटलं, पोरगी काय बोलंना, म्हंजी तिलाच शिकायचं न्हाय."

त्यांनी कंदील उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आता सांग."

मी सांगितलं. तिन्ही संध्याकाळचं सगळं, पहिल्यापासून, आवाज न काढता. माझ्या ओठांवरून त्यांनी नजर काढली नाही. हात अवघडला तरी कंदील हलू दिला नाही. सांगून झालं तेव्हा त्यांनी तो हळूच खाली पायरीवर ठेवला.

"सुपारीच्या आदी..." एवढंच ते आवाजात म्हणाले. पुढचं गिरणीतल्यासारखं नुसत्या ओठांनी म्हणाले. कंदील खाली होता, त्यांचे ओठ मला दिसले नाहीत.

"काय, आप्पा?" मी विचारलं.

माझंही तोंड अंधारात होतं. त्यांना काही कळलं नाही.