पोथी आणि नदीचा वाटा

पुस्तकांचा शत्रू कोण असं विचारलं की लोक उधईचं, म्हणजे वाळवीचं, नाव घेतात. मी भक्तीचं घेतो. उधईवर उपाय आहे. कपाटाचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवावेत, कप्प्यांत कडुलिंबाचा पाला पसरावा, पावसाळा सरला की पुस्तकांना वारा द्यावा. भक्तीला कुठलं रॉकेल लावणार? ती हळदकुंकू घेऊन पुढच्या दारानं येते. पन्नासच्या दशकात ब्रह्मपुरीच्या एका वाचनालयाचा कारभार माझ्याकडे आला, तेव्हा दोघींशीही लढायचं मी ठरवलं होतं, आणि हरायची मला सवय नव्हती.

हिवाळ्यात एका सकाळी वाचनालयासमोर बंडी थांबली. गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. बंडीत एक म्हातारी बाई मांडीवर लाल फडक्याचं गाठोडं घेऊन बसली होती. गाठोड्यातून माती गळत होती, आणि तसली माती मी झोपेतही ओळखली असती. काय आहे म्हणून विचारलं.

"पोथी होय जी. आमच्या मालकानं हातानं लिवली. ते गेले, अन् पेटीले उधई लागली. वैनगंगेत सोडाले नेऊन राह्यली."

"सोडता काऊन?"

"खाल्लेली पोथी घरात ठेवत नाई, भाऊ. फुटका देव ठेवते का कोनी?"

"वाचनालय घर नोहोय, बाई. मले द्या."

"अन् पाप?"

"तेही मले द्या."

ती हसली, पण गाठोडं सोडेना. नदीला बोलून ठेवलं होतं, आता मोडायचं कसं? मी गाठोडं तिथंच उघडायला लावलं. हिरड्याच्या शाईनं, बोरूनं लिहिलेल्या व्रतकथा होत्या. कडा गेल्या होत्या, पण बरीच पानं वाचता येत होती. आणि भाषा आमच्या झाडीपट्टीची, अस्सल, छापील पोथीत शोधून सापडायची नाही अशी. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ही नदीत गेली असती तर कथाही गेल्या असत्या आणि ते अक्षरही.

मग मी तोडगा काढला. उधईनं खाल्लं तेवढं नदीचं, उरलं ते वाचनालयाचं. हे शास्त्र मी उभ्या उभ्या रचलं होतं, पण इतक्या ठसक्यात सांगितलं की बाईला पटलं. वाटणी मात्र आपल्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढी तिची अट होती. गाडीवानाला तिनं संध्याकाळी यायला सांगितलं.

ओसरीत चटई टाकून मी कामाला लागलो. एकेक पान सुटं करायचं, मऊ कुंचल्यानं माती झाडायची, फाटल्या जागी पतंगाचा पातळ कागद मैद्याच्या खळीनं चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे किडा पुन्हा तोंड लावत नाही. बाई पळसाच्या पानाचा द्रोण धरून समोर बसली होती. माती, भुगा, कागदाचा चुरा, सगळं त्यात जात होतं. नदीचा वाटा भरत चालला होता आणि माझा हात झपाझप चालत होता.

दुपारी एक नखाएवढा तुकडा हाती आला. त्यावर अर्धंमुर्धं अक्षर होतं. चार पानांना लावून पाहिला, कुठेच बसेना. मी तो द्रोणात टाकला.

बाईनं तो लगेच उचलला. "हे नाई द्याचं."

"कुठीच बसत नाई, बाई."

"बसन. याच्यावर मालकाचा हात फिरला आहे. पाहा न जी अजून."

तिला वाचता येत नव्हतं. सकाळी सगळी पोथी बुडवायला निघालेली ही बाई आता अर्ध्या अक्षरासाठी माझ्याशी भांडत होती. मला एकदम भरून आलं. मी झाडून झालेली सगळी पानं पुन्हा चटईवर मांडली, आणि आम्ही दोघं त्या तुकड्याची जागा शोधत बसलो.

जागा सापडली. मग बाईनं द्रोणातला भुगा बोटांनी चाळला, काळं दिसलं ते सगळं वेचून माझ्यासमोर ठेवलं. संध्याकाळी बंडी आली, तेव्हा नदीसाठी द्रोणात नुसती माती उरली होती.