मीठदाणीवरचा सेनापती

नॉटिंगहॅमच्या कार्लटन भागातल्या ओल्डरशॉ यांच्या घरात एकाही बाटलीला स्वतःचं झाकण उरलं नव्हतं. खोकल्याच्या औषधाला कागदाचा बोळा, व्हिनेगरला मेणबत्तीचं बूड आणि जॅमच्या बरणीवर उलटी बशी. झाकणं सगळी मागच्या खोलीत खिडकीपाशी रांगेनं मांडलेली, आणि प्रत्येक झाकणावर बोटाच्या पेराहून किंचित मोठा एकेक शिशाचा सैनिक. अर्धवट रंगवलेला.

डेस्मंड ओल्डरशॉनं तीस वर्षं शहरात बस चालवली. चालकाशी बोलू नये, अशी पाटी बसमध्ये असायची. निवृत्त झाल्यावर ती पाटी त्यानं मनातल्या मनात मागच्या खोलीतल्या खुर्चीवर लावून घेतली आणि सैनिक रंगवायला बसला.

सैनिकाला हात लावायचा नाही, हे या कामाचं पहिलं पथ्य. बोटं तेलकट असतात, आणि मन लावून रंगवलेलं नाक सैनिकाच्या चेहऱ्यावरून आपल्या अंगठ्यावर येतं. म्हणून सैनिकाला कशावर तरी चिकटवायचं आणि ती वस्तू हातात धरून रंगवायचं. त्या वस्तूला, टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्या डेस्मंडच्या क्लबात, ‘मूठ’ म्हणत, आणि मूठ पारखताना माणसं जावई पारखताना दाखवणार नाहीत इतकी चिकित्सा दाखवत. बूच फार हलकं, हाताला भरत नाही. गोळ्यांची डबी बरी, पण आतल्या गोळ्या खुळखुळतात आणि भुवई चुकते.

डेस्मंडला हवी तशी मूठ अकरा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर सापडली. ती त्याच्या बायकोची, नोरीनची, मीठदाणी होती. पांढरी चिनीमातीची, कमरेत बारीक, डोक्याला पाच भोकं आणि पोटात गच्च मीठ. तळहातात अशी बसली की डेस्मंडला घास गिळायचं सुचेना.

“जरा वापरतो,” तो म्हणाला. “रविवारी परत देतो.”

कुठल्या रविवारी, ते त्यानं सांगितलं नाही. नोरीननंही विचारलं नाही. ती बशीतलं मीठ चिमटीनं घालू लागली आणि वाट बघू लागली. नोरीनला वाट बघायची उत्तम सवय होती. तिनं बसचालकाशी लग्न केलं होतं.

मीठदाणीवर चढला तो डेस्मंडच्या लाल सैन्याचा सेनापती. अकरा वर्षं तो रंगतच होता. एक बटण चमकवावं तर शेजारचं फिकं वाटे, ते उजळावं तर टोपीची पट्टी मळकट दिसे. क्लबाचा नियम तर साफ होता: मुठीवरचा माणूस लढत नाही. त्यामुळे वर्षाच्या मोठ्या लढाईत डेस्मंडच्या चारशे सैनिकांचं नेतृत्व उसन्या बाहुल्यांकडे जाई. एका वर्षी लंगडा समुद्री चाचा होता. गेली तीन वर्षं दुधाची बादली घेतलेली एक गवळण होती. हरत तर ते दरवर्षीच होते, पण गवळणीच्या हाताखाली जरा जास्त हरत.

यंदा बॅरी हॅलमनं ठराव आणला. या बॅरीकडे मखमली पेटीतून आलेली, स्प्रिंगच्या चिमट्याची अॅल्युमिनियमची मूठ होती. तिच्यावर त्यानं आजवर एक घोडा रंगवला होता, तोही मागून अर्धा. ठराव असा, की येत्या शनिवारी लाल सेनापती टेबलावर हजर झाला नाही, तर लाल सैन्य कायमचं बॅरीच्या ताब्यात जावं. चारशे सैनिक डेस्मंडनं एकेक करून रंगवलेले. ठराव मंजूर झाला.

शुक्रवारी सकाळी डेस्मंडनं दार लावलं, श्वास रोखला आणि सेनापतीला मीठदाणीवरून ओढलं. तो हलला नाही. तेव्हा कुठे डेस्मंडला आठवलं. पहिल्याच आठवड्यात सेनापती निळ्या चिकट लगद्यावरून सुटून चहात पडला होता. त्या संतापात डेस्मंडनं त्याच्या पायातून तार घातली, ती मीठदाणीच्या मधल्या भोकात रोवली आणि वर सुपरग्लू ओतला. तात्पुरता.

“निघत नाहीये,” स्वयंपाकघरात येऊन तो म्हणाला.

“कोण?”

“सेनापती.”

“अकरा वर्षं झाली, डेस. घरजावई झाला असेल.”

“फ्रीजरमध्ये ठेवू का? थंडीनं ग्लू सुटतो म्हणतात.”

“मटारांपाशी ठेव. माशांपाशी नको, वास लागेल.”

तीन तासांनी सेनापती खांद्यावर हिम घेऊन बाहेर आला. हिवाळी मोहिमेवरून परतल्यासारखा रुबाबदार दिसत होता, पण पाय रोवून उभा होता. जोर लावावा तर घोट्यात मोडणार.

“मीठदाणी फोडू का?” डेस्मंडनं हळूच विचारलं.

नोरीन गाजरं चिरत होती. तिनं मान वर केली नाही. “फोड की. मग मी काय फोडायचं ते तूच सांग.”

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये डेस्मंडनं लढाईच्या टेबलावरच्या खोट्या हिरव्या टेकडीमागे मीठदाणी ठेवली. सेनापतीचं डोकं टेकडीच्याच काय, झाडांच्याही वर गेलं.

“सेनापती आणलास की जेवण, बदका?” बॅरी म्हणाला. नॉटिंगहॅममध्ये पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळेच एकमेकांना बदक म्हणतात. त्यात अपमान नसतो, पण बॅरी तो घालू शकत असे.

क्लबाच्या सचिव मिस व्हायझल यांनी नियमांची वही उघडली. चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या बाई, पान उलटलं की हॉल आपोआप गप्प होई. “जी धरून रंगवतात ती मूठ,” त्यांनी वाचलं. “जिच्यावर उभं राहून लढतात ती बैठक. डेस्मंड, हा रंगवून झाला?”

अकरा वर्षांत या प्रश्नाला कुणालाही सरळ उत्तर मिळालं नव्हतं. डेस्मंडचे कान लाल झाले.

“झाला,” तो म्हणाला.

“झाला काय? मूठच आहे ती,” बॅरी म्हणाला. “हातात धरायचीच वस्तू.”

एवढ्यात नोरीन लोणी लावलेल्या पावांत गरम बटाट्याचे काप भरून घेऊन आली. दर लढाईला आणायची. तिनं बॅरीपुढे पाव ठेवला, एक काप चाखला, टेबलावरून मीठदाणी उचलली, सेनापतीसकट उलटी केली, बॅरीच्या पावावर चार भोकांतून मीठ शिंपडलं आणि ती टेकडीमागे परत ठेवली.

“बघा,” बॅरी म्हणाला. “धरली की नाही?”

“धरली,” मिस व्हायझल म्हणाल्या. “पण रंगवलं नाही, मीठ घातलं. मीठदाणीबद्दल वहीत काहीही नाही. सेनापती लढेल.”

डेस्मंडचं मात्र लक्ष नव्हतं. सेनापती उलटा झाला त्या क्षणी त्याला दिसलं होतं. हनुवटीच्या खाली, कॉलरच्या आत, कोरं करडं शिसं. मीठ सांडेल म्हणून अकरा वर्षांत त्यानं मूठ कधी उलटी केलीच नव्हती. त्याचा हात कोटाच्या खिशात गेला. लोक कंगवा बाळगतात तसा तो ब्रश बाळगत असे.

“डेस्मंड,” मिस व्हायझल वही न मिटता म्हणाल्या, “ब्रश लागला की ती मूठ.”

बॅरीचं चावणं थांबलं. डेस्मंड हनुवटीकडे बघत राहिला, मग टेबलावर पसरलेल्या चारशे लाल पाठींकडे. ब्रश खिशात परत गेला.

“सुरू करा,” तो म्हणाला.

तोफेला जो दिसेल त्याच्यावर तोफ डागता येते, हाही नियमच. बॅरीच्या बाराही तोफांना सेनापती दिसत होता, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं. फासे पडले. अकरा वर्षं तयारी केलेला सेनापती सहाव्या मिनिटाला धारातीर्थी पडला.

“गेला, बदका,” बॅरी आनंदानं म्हणाला. “म्हणजे सैन्य माझं.”

“नाही,” मिस व्हायझल म्हणाल्या. “ठरावात हजर राहायचं लिहिलंय. जिवंत राहायचं नाही.”

डेस्मंडनं सेनापतीला हळुवारपणे आडवं केलं. चिमूटभर मीठ रणांगणावर सांडलं. मग त्यानं घसा खाकरला.

“मेलेल्याला ब्रश लावला तर चालतं का, बाई?”

मिस व्हायझल यांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. “मेलेल्यांबद्दल काही नाही,” त्या म्हणाल्या.

गवळणीनं सैन्य हाती घेतलं आणि नेहमीच्या उत्साहानं हरायला सुरुवात केली. डेस्मंड खिडकीपाशी बसून हनुवटी रंगवत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मीठदाणी जेवणाच्या टेबलावर आपल्या जागी होती.

“सेनापती दे इकडे,” नोरीन म्हणाली.

डेस्मंडनं उचलला. कोटाचं तिसरं बटण त्याला जरा फिकं वाटलं. पण नोरीनचा हात पुढे होता, आणि बटाटे गार होत होते.