घर बघायला आलेला माणूस

माझा धाकटा भाऊ कपड्यांना इस्त्री करतो. आख्खी गल्ली त्याला ‘कडक’ म्हणते, कारण त्याच्या हातून गेलेली कॉलर दिवसभर मान टाकत नाही. स्वभावही तसाच. उपाशी राहील, पण चुरगळलेला शर्ट घालून दारात उभा राहणार नाही. या ताठ्याचं मला लहानपणापासून कौतुक होतं. आता त्याच ताठ्याची चीड येते.

त्याच्या पोरीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. फी भरणं कडकला बापजन्मात जमलं नसतं, म्हणून तिने सरकारी मदतीचा अर्ज केला. दाखले, सह्या, शिक्के, सगळ्यासाठी ती एकटी पळाली. राहिलं एवढंच, की ऑफिसातून एक माणूस घर बघायला येणार आणि तो काय लिहितो त्यावर मदत ठरणार.

झालं, आमची डोकी फिरली. खोटं कशाला बोलू, मीही त्यात होतेच. सरकारचा माणूस घरी येतोय, त्याला बसवायचं कशावर? मी माझ्याकडच्या दोन गादीच्या खुर्च्या आणल्या. भावजयीने शेजारणीचे चांगले कप आणले, पडदे मागून आणले. कडकने इस्त्रीचं टेबल पडद्याआड ढकललं आणि गिऱ्हाइकाचा कोट अंगात चढवला. पोरगी बिचारी सांगत होती की आहे तसंच राहू द्या. मीच तिला दटावलं, म्हटलं, तू गप्प बस, चार माणसांत कसं राहावं ते आम्हाला शिकवू नकोस.

माणूस भला होता. दोन्ही खोल्या पाहिल्या, खिळ्यांना टांगलेले गिऱ्हाइकांचे सूट पाहिले, चहा घेतला. निघताना सहज विचारलं, कसं चाललंय? कडकने जन्मभर प्रत्येकाला दिलेलं उत्तर त्यालाही दिलं.

“तुमच्या कृपेने काही कमी नाही.”

त्या बाबाने तेच लिहून नेलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं: परिस्थिती समाधानकारक, अर्ज नामंजूर. मी कपाळावर हात मारून घेतला. भावजय रडली. पोरीने पत्राची नीट घडी घालून ते आपल्या दाखल्यांत ठेवलं, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कडक, पोरगी आणि मी ऑफिसात गेलो. खिडकीत नेमका तोच माणूस बसलेला. कडकने सगळं कबूल केलं, खुर्च्या कुणाच्या, कप कुणाचे, कोट कुणाचा. असं माझ्या भावाला मान खाली घालून बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माणसाने सगळं ऐकून घेतलं. त्याचा विश्वास बसला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण एकदा वर गेलेला अहवाल त्याला बदलता येत नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणाला, पुन्हा कुणीतरी घर बघायला येईल. कॉलेजातली जागा मात्र तोवर राहणार नव्हती. फीची मुदत शुक्रवारी संपत होती.

कडक खिडकीचा गज धरून उभाच राहिला. मग अगदी हळू, शाळेतल्या पोराने मास्तरांना विचारावं तसं त्याने विचारलं,

“साहेब, पुढच्या वर्षी घर कसं ठेवू?”

माणसाने समोरचे कागद सारखे केले. पोरीने बापाचा हात गजावरून सोडवला आणि त्याला बाहेर नेलं.